स्वच्छ हवा-पाणी ही कामगारांचीच मागणी : फरीदाबादचा धडा

दिल्लीच्या अधिवेशनाला किंवा मोर्चाला पंजाब मेलने गेलेल्या आपल्या कामगार बंधू-भगिनींना मथुरेनंतरची स्टेशने तोंडपाठ असतील. पलवल, बल्लभगड आणि मग फरीदाबाद. सामान आवरायची, झेंडे आणि बॅनर गुंडाळून हाताशी घ्यायची ती वेळ. खिडकीबाहेर कारखाने, गोदामे आणि रुळालगतच्या वस्त्या सरकत असतात. शहराच्या पश्चिमेला अरवलीचा डोंगर आहे. त्याच्याकडे लक्ष द्यायला त्या गडबडीत कोणालाच सवड नसते. या वेळचे संपादकीय आम्ही त्या डोंगरावर लिहीत आहोत.

रेल्वे आणि पोस्टातल्या कामगारांच्या पानावर डोंगराचे काय काम, असे काही वाचक विचारतील. महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा, ठेकेदारी हे प्रश्न दारात उभे असताना झाडे आणि हवा-पाणी यांना जागा द्यावी का, हा प्रश्न गैर नाही. परंतु गेल्या चाळीसहून अधिक वर्षांत फरीदाबादच्या डोंगरात जे घडले, त्यात कामगार चळवळीने शिकावे असे पुष्कळ आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पर्यावरणाचा प्रश्न हा फावल्या वेळेतल्या हौशी मंडळींचा नसून मुळात श्रमिकांचा आहे. तो हाती घेणारी माणसे त्यातून शिकतात आणि शिकल्यामुळेच त्यांना बळ येते. आणि जिथे श्रमिक हा प्रश्न दुसऱ्यांच्या हाती सोडून देतात, तिथे पर्यावरणाच्याच नावाने त्यांच्या डोक्यावरचे छप्पर जाते. या तिन्ही गोष्टी फरीदाबादमध्ये घडलेल्या आहेत.

एका पत्राची गोष्ट

आपल्या गँगमन बंधूंच्या फावड्याखाली जी खडी असते, ती कुठल्या ना कुठल्या डोंगराच्या पोटातून निघालेली असते. ती कोणी फोडली, फोडताना त्याच्या छातीत किती धूळ गेली, त्याला प्यायला पाणी होते की नव्हते, हे खडीकडे पाहून कळत नाही. दिल्ली आणि आसपासची शहरे वाढत गेली तेव्हा त्यांना लागणारा दगड फरीदाबाद जिल्ह्यातल्या अनंगपूर, लक्कडपूर या भागांतल्या खाणींतून निघत होता.

या खाणींची पाहणी करून बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेने २५ फेब्रुवारी १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना एक पत्र लिहिले. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान येथून आलेले मजूर या खाणींत अमानुष अवस्थेत राबत आहेत आणि त्यांतले अनेक वेठबिगार आहेत, असे त्यात म्हटले होते. त्या यादीत महाराष्ट्राचे नाव पहिले होते, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. ज्यांच्याविषयी आपण आज लिहीत आहोत, त्यांच्यात आपल्याच गावांकडून पोटासाठी गेलेली माणसे होती.

न्यायालयाने ते पत्रच रिट अर्ज म्हणून दाखल करून घेतले. पोस्टातल्या बंधू-भगिनींना यात विशेष वाटावे. रोज हजारो पत्रे आपल्या हातांतून जातात. पण एका पत्राने देशातल्या गरिबांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा किलकिला झाला, अशी उदाहरणे थोडी आहेत. अशोक श्रीवास्तव आणि अशोक पांडा या दोन वकिलांना पाहणीसाठी पाठवण्यात आले. पुढे तांत्रिक शिक्षणसंस्थेतले डॉ. पटवर्धन यांनी सामाजिक आणि कायदेशीर अंगाने तपास केला.

काय आढळले? खडीयंत्रांच्या आसपास धूळ इतकी की श्वास घेणे कठीण. दगडावर दगड रचून वर गवत टाकलेल्या झुग्ग्या. पिण्यासाठी नाल्याचे पाणी. अनेक मजुरांना क्षय. औषधपाणी नाही. जागा सोडून जायची मुभा नाही, असे काही मजुरांनी सांगितले. हरियाणा सरकारने मात्र आक्षेप घेतला तो पत्राला अर्ज कसा म्हणता येईल, असा! तो आक्षेप न्यायालयाने फेटाळला आणि १६ डिसेंबर १९८३ रोजी निकाल दिला. माणसासारखे जगण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातला हक्क आहे, असे सांगून न्यायालयाने एकवीस निर्देश दिले.

ते निर्देश आज पुन्हा वाचावेत असे आहेत. कामाच्या जागी स्वच्छ पिण्याचे पाणी सावलीत आणि झाकलेल्या भांड्यांत ठेवावे. खडीयंत्राच्या वर पाण्याचे पिंप ठेवून सतत फवारा चालू ठेवावा, नाही तर धूळ ओढून घेणारे यंत्र बसवावे. संडासांची सोय करावी. दवाखान्याची सोय करावी. मजुरी ठेकेदाराच्या हातून न जाता थेट मजुराच्या हातात पडावी. आता कोणी सांगावे, यातली कोणती मागणी पर्यावरणाची आणि कोणती कामगारांची? धुळीवर पाणी मारा, ही मागणी दोन्ही आहे. हवा कोणाच्या नाकातोंडात जाते, यावरून ती कोणाची मागणी हे ठरते. फरीदाबादच्या डोंगरातली धूळ देशाच्या नजरेस प्रथम आणली ती श्रमिकांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संघटनेने. तिथे सहलीला जाणाऱ्यांचा आवाज नंतरचा आहे.

या एकवीस निर्देशांत आणखी एक होता, तो आमच्या मते सर्वांत मोलाचा. कामगारांना त्यांचे कायदेशीर हक्क समजावेत म्हणून केंद्रीय श्रमिक शिक्षण मंडळाने खाणींच्या आणि खडीयंत्रांच्या जवळ वेळोवेळी शिबिरे घ्यावीत, असा तो निर्देश होता. या मंडळाचे मुख्यालय त्या काळी नागपुरात होते. आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांपैकी कित्येकांनी मंडळाचे वर्ग केले असतील. आदेश कागदावर राहू नये यासाठी तो समजणारा माणूस खाणीतच तयार झाला पाहिजे, हे न्यायालयाने ओळखले होते.

कागद आणि माणूस

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९९१ मध्ये न्यायालयाने या प्रकरणाचा पुन्हा आढावा घेतला तेव्हा खाणकामगारांच्या परिस्थितीत फारसा फरक पडलेला नव्हता. पाणी, धूळ, मजुरी, सारे बहुतांशी जिथल्या तिथे. एवढा मोठा निकाल हाती असून असे का व्हावे? याचे कारण सरळ आहे. खाणीवर पिंप ठेवले की नाही, फवारा चालू आहे की बंद, हे रोज पाहणारा आणि बंद असेल तर जाब विचारणारा संघटित कामगार तिथे पुरेशा संख्येने उभा राहिला नाही. मुकादमाच्या मर्जीवर ज्याचा दिवस अवलंबून आहे, कर्जाने ज्याचे हात बांधले आहेत, तो मजूर एकट्याने काय जाब विचारणार? रेल्वेत किंवा पोस्टात एखादे परिपत्रक निघते आणि शाखा जागी नसेल तर ते साहेबांच्या फायलीतच राहते, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

यानंतर डोंगराचा प्रश्न दुसऱ्या वाटेने न्यायालयात गेला. वकील एम. सी. मेहता यांच्या अर्जांवर १९९२ मध्ये सूरजकुंड, बडखल, लक्कडपूर, अनंगपूर या भागांतली खडीयंत्रे १५ ऑगस्टपासून बंद करून पाली येथे हलवण्याचा आदेश झाला. १९९६ मध्ये बडखल आणि सूरजकुंड यांच्या दोन किलोमीटर परिसरात खाणकाम बंद झाले. मे २००२ मध्ये दिल्लीच्या सीमेपासून पाच किलोमीटरच्या पट्ट्यात आणि ८ मे २००९ रोजी फरीदाबाद, गुडगाव व मेवात यांतल्या सुमारे ४४८ चौरस किलोमीटर अरवलीत खाणकाम थांबले.

हे आदेश आवश्यक होते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. खाणी भूजलाच्या पातळीखाली उतरल्या होत्या. ज्या बडखल तलावावर एके काळी दिल्लीकर नावेत बसायला जात, तो कोरडा पडला. डोंगर पोखरला की पाऊस मुरत नाही आणि पाऊस मुरला नाही की बोअर आटते, हे आपल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. परंतु १९८३ च्या निकालात खाणीतला माणूस मध्यभागी होता. नंतरच्या आदेशांत डोंगर मध्यभागी आला आणि माणूस कडेला गेला. खाणी बंद झाल्या, पण त्यांत राबलेल्या हातांचे पुढे काय, हा प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर २०२१ मध्ये बुलडोझरने दिले.

दोन वस्त्या, दोन न्याय

लक्कडपूरच्या बाजूला, दिल्लीच्या हद्दीला लागून, खोरी गाव नावाची वस्ती होती. खाणीत काम करणाऱ्या मजुरांनी तिथे पहिल्या झोपड्या घातल्या. पुढे घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले, बांधकाम मजूर, रस्त्यावर माल विकणारे येऊन वसले. जमीन वनक्षेत्र म्हणून संरक्षित होती. ती विकणारे दलाल पैसे घेऊन नामानिराळे राहिले. ७ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा आठवड्यांत अतिक्रमण हटवण्यास सांगितले. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. जुलैच्या पावसात सुमारे दहा हजार घरे जमीनदोस्त झाली.

पुनर्वसनासाठी अटी लागल्या. उत्पन्नाची मर्यादा, हरियाणाच्या मतदार यादीत नाव, कुटुंब ओळखपत्र किंवा वीज वितरण कंपनीची जोडणी. ज्या वस्तीला पाणी टँकरने आणि वीज खाजगी माणसांकडून विकत घ्यावी लागत होती, ज्यातल्या अनेकांची ओळखपत्रे दिल्लीची होती, त्या वस्तीकडे सरकार पुरावा मागत होते तो सरकारने कधी न दिलेल्या सोयींचा! पात्र ठरलेल्यांना डबुआ कॉलनी आणि बापूनगर येथील सदनिका देऊ केल्या, त्याही हप्त्याने पैसे भरून.

आता त्याच डोंगरातली दुसरी वस्ती पाहा. कांत एन्क्लेव्ह ही बंगल्यांची वसाहत. तीही संरक्षित जमिनीवरच उभी राहिली होती. ११ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीही पाडायला सांगितले. ते योग्यच झाले. मात्र तिथे भूखंड घेतलेल्यांना १८ टक्के व्याजासह पैसे परत आणि घर बांधलेल्यांना ५० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. आमचा त्या भरपाईला विरोध नाही. ज्यांची फसवणूक झाली त्यांना ती मिळायलाच हवी. आमचा प्रश्न एवढाच आहे की दलालाने फसवलेला खोरीचा मजूर फसवला गेलेला ठरत नाही आणि विकासकाने फसवलेला बंगलेवाला ठरतो, हे कसे? याच डोंगरातल्या फार्महाऊसांवर आणि लग्नाच्या हॉलांवर मोठी मोहीम सुरू व्हायला जून २०२५ उजाडावा लागला. डोंगर वाचवायचा, पण किंमत झोपडीने मोजायची, याला आपल्या भाषेत आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात.

तरीही खोरीच्या गोष्टीत केवळ पराभव नाही. मजदूर आवास संघर्ष समितीच्या भोवती लोक जमले. मोडलेल्या घराच्या ढिगावर बसून बायकांनी कागद जुळवले, अर्ज भरले, याद्या केल्या. ज्यांनी आयुष्यात कधी न्यायालयाची पायरी पाहिली नव्हती, ती माणसे तारखा आणि आदेश बोलू लागली. पण हे शिक्षण उशिरा, बुलडोझर दारात आल्यावर मिळाले. दहा वर्षे आधी कोणी त्या वस्तीत बसून सातबारा म्हणजे काय, वनजमीन म्हणजे काय, वीजजोडणीचा अर्ज का करावा आणि त्याची पोच का जपावी, हे शिकवले असते, तर आज कित्येकांच्या हातात काही तरी आधार असता. हे काम कोणाचे होते? शहरातल्या संघटित कामगारांचे होते, असे आमचे मत आहे. खोरी पडली त्या महिन्यात आपल्या शाखेच्या सभेत तिच्यावर किती मिनिटे चर्चा झाली, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे.

रहिवासी शिकतात तेव्हा

याच डोंगरात दुसरे चित्रही आहे. फरीदाबाद-गुडगाव रस्त्याजवळ मांगर नावाचे गाव आहे आणि त्याला लागून मांगर बनी. बनी म्हणजे आपल्याकडची देवराई. गुदडिया दास बाबांच्या नावाने राखलेल्या या रानातली डहाळीही मोडायची नाही, असा आसपासच्या गुज्जर गावांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम. म्हणून सगळीकडचा डोंगर उघडा पडला तरी तिथे धौ वृक्षांचे दाट जंगल टिकले. आपल्या धावड्याच्या जातकुळीतले हे झाड.

पण नुसत्या श्रद्धेने जंगल वाचेना. गावाची सामाईक जमीन कागदोपत्री खाजगी वाट्यांत गेली, शहर जवळ आले, जमिनीचे भाव चढले. विकास आराखड्याच्या मसुद्याने बनीच्या आसपास बांधकामाची वाट मोकळी होईल अशी भीती निर्माण झाली. तेव्हा गावातले काही तरुण आणि शहरातले नागरिक एकत्र बसले. महसुली नोंदीत ‘गैर मुमकिन पहाड’ असे लिहिलेले असते, म्हणजे लागवडीस अयोग्य डोंगर. त्या तीन शब्दांवर शेकडो एकरांचे भवितव्य कसे अवलंबून असते, हे ते शिकले. राजधानी क्षेत्राच्या २०२१ च्या प्रादेशिक आराखड्यात नैसर्गिक संवर्धन क्षेत्रात अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त बांधकाम चालत नाही, हे त्यांनी शोधून काढले. हरकती लिहिल्या, नकाशे जुळवले, मुलांना रानात फिरवून झाडे आणि पक्षी ओळखायला शिकवले. २०१६ मध्ये राज्य सरकारने बनी आणि तिच्या भोवतीचा पट्टा बांधकामास बंद केला.

फेब्रुवारी २०१९ मध्ये हरियाणा विधानसभेने १९०० सालच्या पंजाब भूमी संरक्षण कायद्यात दुरुस्ती केली. जमिनीची धूप थांबवण्यासाठी इंग्रजांच्या काळात केलेल्या याच कायद्यावर अरवलीचे संरक्षण उभे आहे. एरवी ज्या कायद्याचे नाव वकिलांनाही शोधावे लागते, तो कायदा फरीदाबाद आणि गुडगावच्या रस्त्यांवर सामान्य माणसे फलकांवर लिहून उभी राहिली. १ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या परवानगीशिवाय या दुरुस्तीवर पुढे जाऊ नका, असे सरकारला बजावले. २१ जुलै २०२२ च्या निकालाने या कायद्याच्या विशेष आदेशांखालील जमिनी वनजमिनी असल्याचे नक्की झाले.

आणि अगदी अलीकडची घटना. २० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरवली टेकडीची नवी व्याख्या स्वीकारली: आसपासच्या जमिनीपासून १०० मीटर किंवा त्याहून उंच असेल तीच अरवली टेकडी. डिसेंबरभर राजस्थान, हरियाणा आणि दिल्लीत लोक रस्त्यावर आले. त्यांचा प्रश्न साधा होता: नव्वद मीटरची टेकडी पाणी मुरवत नाही काय? वाळवंटाची धूळ अडवत नाही काय? २९ डिसेंबरला न्यायालयाने स्वतःच आपला निर्णय स्थगित ठेवला आणि प्रश्न नव्या तज्ज्ञ तपासणीकडे नेण्याची भूमिका घेतली. लोक शिकले नसते, तर शंभर मीटर या आकड्यात पाणी कुठे मुरते आहे, हे त्यांना कळलेच नसते.

हा लढा त्या शहराला किती निकडीचा आहे, हे एका आकड्यावरून समजेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीत हवेतील बारीक कणांच्या बाबतीत कानपूरच्या पाठोपाठ फरीदाबादचा क्रमांक होता. २०१६ ची वार्षिक सरासरी घनमीटरमागे १७२ मायक्रोग्रॅम. ही हवा बंगल्यातही जाते, पण बंगल्यात हवा गाळणारे यंत्र असते. भट्टीवर, रस्त्यावर, रुळावर काम करणाऱ्याला ते नसते.

पुण्याचे उदाहरण

शिक्षण आणि संघटना एकत्र आली म्हणजे काय होते, हे पाहायला दिल्लीपर्यंत जायला नको. १९९३ मध्ये पुण्यात बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायांची ही युनियन. समाजाने ज्यांना कचऱ्याबरोबरच मोजले, त्या बायांनी आपण रोज किती कागद, काच, पत्रा वेगळा काढतो आणि त्यामुळे नगरपालिकेचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब मांडला. आम्ही भीक मागत नाही, शहराचे काम करतो, असे सांगून महापालिकेकडून ओळखपत्रे मिळवली. २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. तिथे पर्यावरण आणि रोजगार यांच्यात भांडण लागले नाही. कारण हिशेब मांडणारी आणि टेबलाशी बसणारी बाई स्वतः कचरा वेचणारी होती. खोरीत आणि पुण्यात फरक पडला तो इथे.

नोकरी की हवा?

काही कार्यकर्ते म्हणतील, पर्यावरणाच्या नावाखाली कारखाने बंद होतात आणि कामगार देशोधडीला लागतो. ही भीती खोटी नाही. १९९६ मध्ये दिल्लीतील १६८ धोकादायक कारखाने बंद करण्याचा किंवा बाहेर हलवण्याचा आदेश झाला, तेव्हा हजारो कामगारांच्या चुली अडचणीत आल्या. मात्र यातून घ्यायचा धडा पर्यावरणाला विरोध करण्याचा नाही. आपण विरोध करून धूर थांबत नाही आणि आदेशही थांबत नाहीत. आदेश निघण्याआधी, मसुदा तयार होत असतानाच कामगारांची संघटना आपली मोजमापे आणि आपली योजना घेऊन तिथे हजर असली पाहिजे. यंत्र बदला, धूर कमी करा, पण माणूस कामावर ठेवा, ही मागणी वेळेवर आणि पुराव्यासह मांडावी लागते. गैरहजर माणसाच्या बाजूने निकाल लागत नाही.

आपल्या शाखांनी काय करावे

रेल्वेच्या आणि पोस्टाच्या वसाहतींत हा प्रश्न नाही असे कोणी समजू नये. गळकी टाकी, गंजलेले नळ, तुंबलेली गटारे, यार्डातली धूळ, शेडमधला धूर, तोडली जाणारी जुनी झाडे, वसाहतीच्या मोकळ्या जागेवर डोळा ठेवून बसलेले बांधकामवाले, हे आपण रोज पाहतो. आणि पोस्टमन बंधू तर वस्तीतल्या प्रत्येक दाराशी जातो. कोणत्या गल्लीत पाणी येत नाही आणि कोणाचे घर नकाशावर नाही, हे त्याच्याइतके कोणाला माहीत असते? ही माहिती हीच ताकद आहे, पण ती लिहून ठेवली तर.

म्हणून आम्ही प्रत्येक शाखेला काही गोष्टी सुचवतो.

पहिली, वसाहतीच्या पाण्याचा नमुना वर्षातून दोनदा सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि निकाल फलकावर लावावा. तपासणीला बायका आणि मुलांना बरोबर न्यावे. पाणी भरणाऱ्याला पाण्याची परीक्षा आली पाहिजे.

दुसरी, वसाहतीतली झाडे, विहिरी, मोकळ्या जागा यांची मोजणी करून एक वही तयार करावी. उद्या जमीन विक्रीला निघाली तर ती वही साक्ष देईल.

तिसरी, माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा वापरावा. पाणीपुरवठा, कचरा, झाडतोड यांवरचा खर्च आणि परवानग्या लेखी मागाव्यात आणि पोच जपावी.

चौथी, आपल्या भागात खाण, मोठा कारखाना किंवा तसा प्रकल्प येत असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे होणाऱ्या जनसुनावणीची नोटीस शोधून वाचावी, शेजारच्या गावातल्या शेतकरी-मजुरांना घेऊन हजर राहावे आणि म्हणणे इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. तिथे सामान्यतः सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, हे विसरू नये.

पाचवी, पी.एन.एम. आणि जे.सी.एम.च्या बैठकांत वेतन-भत्त्यांबरोबर पाणी, धूळ, आवाज आणि रसायने यांचे विषय नियमितपणे घालावेत. ठेकेदाराच्या कामगारांचे पाणी आणि मास्क हाही आपलाच विषय समजावा. सफाई करणारा ठेक्याचा माणूस आपल्या युनियनचा सभासद नसेल, पण तो श्वास आपल्याच प्लॅटफॉर्मवर घेतो.

सहावी, शाखेजवळ खोरीसारखी एखादी वस्ती असेल, आणि ती नसलेले शहर आज महाराष्ट्रात नाही, तर तिथे महिन्यातून एक रविवार जावे. भाषण करायला नव्हे. कागद वाचून दाखवायला, अर्ज लिहून द्यायला, जमिनीची नोंद समजावून सांगायला. लिहिता-वाचता येणाऱ्या संघटित कामगाराने असंघटिताला देण्यासारखी याहून मोठी वर्गणी नाही.

यातली कोणतीही गोष्ट करायला मोठा निधी लागत नाही. वही, पेन, थोडा वेळ आणि चिकाटी लागते. पाण्याचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत गेलेली आपली भगिनी परत येते तेव्हा तिच्या हातात एक कागद असतो, आणि पुढच्या वेळी ती अभियंत्याशी बोलते ती त्या कागदाच्या आधाराने बोलते. तिचा आवाज बदललेला असतो. हा बदल आम्हांला पाण्याच्या निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण तीच भगिनी उद्या पेन्शनच्या प्रश्नावरही पुढच्या रांगेत उभी राहणार आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या संदेशात शिक्षणाला पहिले स्थान दिले ते उगाच नव्हे.

१९८२ च्या त्या पत्राने पाणी, सावली, श्वास आणि हक्काची मजुरी एकत्र मागितली होती. पुढे या मागण्यांची ताटातूट झाली. डोंगर एका फायलीत गेला आणि मजूर दुसऱ्या. त्या दोन फायली पुन्हा एकत्र बांधण्याचे काम न्यायालय करणार नाही, सरकार तर नाहीच नाही. ते आपल्याला करायचे आहे. पुढच्या वेळी पंजाब मेल बल्लभगड सोडेल तेव्हा झेंडे गुंडाळताना क्षणभर पश्चिमेकडे पाहावे. आणि परतल्यावर पहिल्याच सभेत हा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा, एवढीच आमची सर्व शाखांना विनंती आहे.